माटुंग्याची रसायनशाळा आणि सदाफुलीचं औषध

१९१४च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि मुंबईच्या गिरण्यांत रंगांचा दुष्काळ पडला. जगातल्या कृत्रिम रंगांपैकी ८० टक्क्यांहून अधिक रंग त्या काळी जर्मनीत तयार होत, आणि जर्मनी आता शत्रूराष्ट्र होतं. बीएएसएफ या जर्मन कंपनीने १८९७मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणल्यापासून बिहारमधली निळीची शेती मोडीत निघाली होती. टंचाई इतकी की त्या शेतीलाही दोन-चार वर्षं पुन्हा भाव आला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस, गिरणगावातले माग, कोकण-घाटावरचे हजारो कामगार, सगळं मुंबईच्या हाताशी होतं. त्या कापडाला चढवायचा रंग तेवढा समुद्रापलीकडून येई.

युद्ध संपलं, जर्मन माल पुन्हा यायला लागला. पण परावलंबनाचा तो चटका मुंबईतल्या काही माणसांच्या मनातून गेला नाही. १९२१मध्ये मुंबई सरकारने तांत्रिक शिक्षणाचा विचार करायला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विद्यापीठातही चर्चा सुरू झाल्या. सरकारी कामाच्या वेगाने बारा वर्षं गेली आणि १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. पुढे माटुंग्यात स्थिरावलेला हा विभाग तीन पिढ्यांनी ‘यूडीसीटी’ याच नावाने ओळखला.

सुरुवातीला अभ्यासक्रम दोनच होते, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. एक शहराच्या आजच्या गरजेसाठी, दुसरा उद्याच्या. प्रवेश मिळायचा तो बी.एस्सी. झालेल्या मुलाला. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या या मुलाला पुढची दोन वर्षं ते रसायन टनाटनाने कसं करायचं हे शिकवून बी.एस्सी. (टेक.) ही पदवी द्यायची, अशी रचना होती. वरवर ही प्रवेशाची साधी अट वाटते. मला मात्र ती या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटते. कारखान्यातला माणूस रसायनशास्त्राला बिचकत नव्हता आणि रसायनशास्त्रज्ञाला बॉयलर, पंप, झडपा यांची शिसारी नव्हती, असा वर्ग त्या दोन वर्षांत घडत गेला. आपल्याकडे हात काळे करणारा आणि पुस्तक वाचणारा यांच्यातली दरी जातीइतकीच जुनी आहे. ती पार करणारी पदवी विद्यापीठाने दिली, ही लहान गोष्ट नव्हती.

आर. बी. फॉर्स्टर हे इंग्रज रंगरसायनज्ञ विभागाचे पहिले प्रमुख. त्यांच्यानंतर १९३८मध्ये सूत्रं आली कृष्णस्वामी व्यंकटरामन यांच्याकडे. मूळ मद्रासचे, मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेले, लाहोरला शिकवून मुंबईत आलेले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बेकर–व्यंकटरामन पुनर्रचना या नावाची अभिक्रिया आजही शिकवली जाते, ते हेच व्यंकटरामन. १९५२मध्ये कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ दोन खंडांत अमेरिकेतून प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर जाऊन बसला. ज्या शहराला चाळीस वर्षांपूर्वी रंगाच्या पेटीसाठी हात पसरावे लागले, त्याच शहरातल्या एका प्राध्यापकाचा ग्रंथ रंगांसाठी प्रमाण मानला जाऊ लागला. त्याच वर्षी वलसाडजवळ कस्तुरभाई लालभाईंच्या अतुल या रंगांच्या कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. तंत्रज्ञान अमेरिकन सायनामिड या कंपनीकडून आलेलं होतं. पण उसनं आणलेलं तंत्र चालवायलाही ते समजणारी माणसं लागतात, आणि ती तोवर माटुंग्यातून बाहेर पडायला लागली होती.

दरम्यान पुण्यात पाषाणच्या माळावर दुसरी इमारत उभी राहिली होती. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, म्हणजे एनसीएलची, कोनशिला एप्रिल १९४७मध्ये बाळासाहेब खेरांनी बसवली आणि ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. पहिले दोन संचालक परदेशी होते, मॅकबेन आणि फिंच. १९५७मध्ये व्यंकटरामन माटुंग्याहून तिथे गेले आणि पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या पाठोपाठ विद्यार्थी गेले, विषय गेले, कामाची रीतही गेली. मुंबई–पुणे हा रस्ता त्यानंतर या क्षेत्रातल्या माणसांचा येण्याजाण्याचाच झाला.

याच रस्त्यावरचं पुढचं मोठं नाव मनमोहन शर्मा. जोधपूरचा हा मुलगा माटुंग्याला शिकला, केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे डॉक्टरेट करून १९६४मध्ये परतला आणि २७व्या वर्षी त्याच विभागात थेट प्राध्यापक झाला. पांढरे केस झाल्याशिवाय खुर्ची द्यायची नाही, ही विद्यापीठांची एरवीची रीत. ती मुंबई विद्यापीठाने इथे मोडली आणि त्याचं फळ देशाला मिळालं.

शर्मांचा विषय होता वायू आणि द्रव, किंवा एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव, यांच्यातल्या अभिक्रिया. कारखान्यातल्या निम्म्याशिम्म्या प्रक्रिया याच जातीच्या असतात. इथे खरी अडचण आकाराची. प्रयोगशाळेत अर्ध्या लिटरच्या चंबूत जे सुरळीत होतं ते दोन हजार लिटरच्या भांड्यात होत नाही. चार माणसांचा भात करणाऱ्याला चारशे माणसांचा भात जमेलच असं नाही, हे लग्नघरातल्या आचाऱ्यालाही ठाऊक असतं. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की आतला माल आठपट होतो, पण उष्णता बाहेर जाण्यासाठीचा पृष्ठभाग मात्र चौपटच. उष्णता सोडणारी अभिक्रिया असेल, तर चंबूभोवती बर्फ ठेवून जे भागलं ते मोठ्या भांड्यात स्फोटापर्यंत जाऊ शकतं. वायूचंही तसंच. द्रवातून वर येणाऱ्या बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग किती, यावर उत्पादनाचा वेग ठरतो. ते बुडबुडे मोजायचे कसे?

डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी याला जे उत्तर घडवलं ते मला फार मोलाचं वाटतं. ज्या अभिक्रियेत दर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागामागे किती वायू शोषला जातो हे आधीपासून नक्की ठाऊक आहे, अशी अभिक्रिया निवडायची. उदाहरणार्थ, अल्कलीच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड. मग ती मोठ्या भांड्यात चालवायची आणि एकूण वायू किती शोषला गेला ते मोजायचं. त्या आकड्याला दर चौरस सेंटिमीटरच्या आकड्याने भागलं की बुडबुड्यांचा सगळा पृष्ठभाग हाती येतो. ना महागडा कॅमेरा, ना परदेशी चलन लागणारं यंत्र. ब्युरेट, द्रावण आणि डोकं पुरतं. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी उपकरणासाठी परवान्याचा अर्ज करून वर्ष-वर्ष वाट बघावी लागे. त्या काळात या पद्धतीवर माटुंग्यातून निबंधांमागून निबंध निघाले आणि जगभर वाचले गेले. १९९०मध्ये रॉयल सोसायटीने शर्मांना फेलो निवडलं. स्वतंत्र भारतातून हा मान मिळवणारे ते पहिले अभियंते. गरिबीने संशोधन खुंटतं हे खरंच. पण आपल्या हाताशी आहे त्यातून सुटेल असा प्रश्न निवडायची अक्कल असेल, तर गरिबीतही पहिल्या दर्जाचं काम उभं राहतं. ही अक्कल शिकवता येते, आणि शर्मांनी सत्तरच्या आसपास डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना ती शिकवली. गोव्यातल्या माशेलचे, गिरगावात हलाखीत वाढलेले रघुनाथ माशेलकर त्यांतलेच. १९६९मध्ये त्यांनी शर्मांकडे डॉक्टरेट पूर्ण केली, इंग्लंडला गेले, १९७६मध्ये एनसीएलला परतले आणि १९८९मध्ये तिचे संचालक झाले.

हे प्रश्न यायचे कुठून? पुष्कळसे कारखान्यांतून. माटुंग्याचे प्राध्यापक कंपन्यांचे सल्लागार म्हणून जात. सल्ल्याचं काम म्हणजे विद्येची विक्री, असं मानणारी सोवळी मंडळी विद्यापीठांत तेव्हाही होती, आजही आहेत. माटुंग्याने हे सोवळं कधी मानलं नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात उत्पादन अडलं की प्राध्यापक तिथे जात. अडलेलं सुटे, आणि त्यातला जो भाग पुस्तकात नव्हता तो विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय होई. तो विद्यार्थी पुढे दुसऱ्या कारखान्यात लागे आणि अडलं की सरांना फोन करी. या ये-जा करण्यात जे ज्ञान फिरत राहिलं ते कुठल्याही सामंजस्य कराराने फिरलं नसतं. याच विभागात शिकून अमेरिकेत डॉक्टरेट केलेले केकी घरडा काही काळ इथे शिकवत होते. साठच्या दशकात त्यांनी स्वतःची कंपनी काढली, डोंबिवलीत कारखाना उभारला आणि रंगांपासून कीटकनाशकं-तणनाशकांपर्यंत एकेका रसायनाची स्वतःची, स्वस्त पद्धत बसवत गेले. शिक्षकाचा उद्योजक झाला तरी प्रयोग करायची सवय सुटली नाही, याचं इतकं चोख उदाहरण आपल्याकडे दुसरं क्वचित सापडेल.

आता कायद्याकडे वळू. कारण देशी औषधउद्योगाच्या यशाचं सगळं श्रेय १९७०च्या पेटंट कायद्याला देऊन मोकळं व्हायची आपल्याकडे प्रथा आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात १९११चा ब्रिटिश कायदा लागू होता. औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळे, त्यामुळे तो रेणू दुसऱ्या मार्गाने बनवायलाही मज्जाव होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९च्या आपल्या अहवालात दाखवून दिलं की भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटं परदेशी लोकांच्या नावावर आहेत आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांवर इथे काही बनतच नाही. पेटंट घेऊन ठेवायचं आणि माल बाहेरून आणून विकायचा, असा तो कारभार होता. त्याच सुमारास अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीनेही नोंदवलं की काही औषधांच्या किमती गरीब भारतात जगात सर्वांत चढ्या आहेत. तरी कायदा बदलायला अकरा वर्षं गेली. सिप्लाचे युसुफ हमीद आणि त्यांच्यासारखे देशी उत्पादक त्यासाठी सतत भांडत होते. संसदेने १९७०मध्ये मंजूर केलेला कायदा २० एप्रिल १९७२पासून अमलात आला. अन्न, औषधं आणि रसायनं यांच्या बाबतीत वस्तूवर पेटंट मिळणार नाही, ती बनवायच्या पद्धतीवर मिळेल, हा त्याचा गाभा. अन्न-औषधांच्या पद्धतीवरच्या पेटंटाची मुदतही आखडली. अर्जापासून ७ वर्षं किंवा मंजुरीपासून ५, यांपैकी जे आधी संपेल ते.

म्हणजे काय झालं? एखादं औषध दुसऱ्या वाटेने बनवण्याची हुशारी रातोरात मोलाची ठरली. आणि नेमकी हीच हुशारी माटुंगा चाळीस वर्षं शिकवत होतं. माझं म्हणणं इतकंच आहे की कायद्याने दार उघडलं, पण दारातून आत जाणारी माणसं १९३३पासून घडत होती. ब्राझीलने औषधांच्या वस्तूवरचं पेटंट आपल्या आधी, १९४५मध्येच, रद्द केलं होतं आणि पुढे पद्धतीवरचंही. तिथे मूळ औषधद्रव्य बनवणारा आपल्याइतका मोठा उद्योग उभा राहिला नाही. नुसता कायदा पुरेसा असता तर तो तिथे आधी दिसला असता.

सरकारी कारखान्यांचाही यात वाटा आहे, आणि तो आज विसरला जातो. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, पेनिसिलिन बनवायला घेतलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच तिरुमलाचार यांच्या प्रयोगशाळेने हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं गेलं. सोव्हिएत मदतीने हैदराबादला उभ्या राहिलेल्या आयडीपीएल या सरकारी कंपनीच्या कारखान्यात कृत्रिम औषधं बनू लागली. नफ्यातोट्याच्या हिशेबात हे कारखाने पुढे बुडीत निघाले. पण मोठ्या भांड्यांवर हात बसलेली शेकडो माणसं त्यांतून बाहेर पडली, आणि तो हिशेब कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

गुंटूरच्या दोन मुलांची वाट बघा. अल्ला वेंकट रामाराव यांनी गुंटूरहून येऊन माटुंग्याला बी.एस्सी. (टेक.) केलं आणि पाषाणला व्यंकटरामन यांच्याकडे डॉक्टरेट. हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा कल्लम अंजी रेड्डी याने गुंटूरच्याच कॉलेजातून माटुंग्याला येऊन औषधशाखा घेतली, पाषाणला १९६९मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि आयडीपीएलमध्ये नोकरी धरली. तिथे शिकून बाहेर पडला, भागीदारीत दोन कंपन्या चालवून बघितल्या आणि १९८४मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढली. रामाराव मात्र एनसीएलमध्ये राहिले, आणि तिथे त्यांच्या हाती सदाफुली आली.

कुंपणाकडेला, तुळशीवृंदावनाच्या बाजूला, पाण्यावाचूनही बारा महिने फुलणारं हे झुडूप. पन्नाशीच्या दशकाअखेर कॅनडात नोबल आणि बीअर या संशोधकांनी तिच्या पानांतून व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. पाठोपाठ अमेरिकेत व्हिनक्रिस्टिन मिळालं. एक लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर, दुसरं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर चालतं. पण टनभर वाळकी पानं वापरली तरी औषध ग्रॅममध्ये मोजावं लागतं. पानात इतर डझनावारी अल्कलॉइडं असतात आणि त्यांच्या गर्दीतून हवं तेवढंच बाहेर काढायचं, तेही न बिघडू देता. त्यातही व्हिनक्रिस्टिन अगदीच अल्प. दोन रेणूंत फरक म्हणाल तर एका नायट्रोजनला चिकटलेल्या एका लहानशा गटाचा. फूल आपल्या अंगणातलं आणि औषध परदेशातून सोन्याच्या भावाने येणारं, हा १९१४च्या रंगांचाच प्रकार पुन्हा. एनसीएलने ही द्रव्यं काढण्याची पद्धत बसवली आणि १९८४मध्ये सिप्लाने तिच्या आधारे दोन्ही औषधं भारतात आणली. प्रयोगशाळेकडे पद्धत होती, कंपनीकडे ती चालवायची जिगर होती, आणि कायदा मध्ये येत नव्हता. या तिन्हींपैकी एक नसतं तर बाकीच्या दोहोंचा उपयोग झाला नसता.

१९८५मध्ये रामाराव हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेचे, पुढच्या आयआयसीटीचे, संचालक झाले. एड्सवरचं पहिलं औषध झिडोव्हुडिन अमेरिकेत १९८७मध्ये आलं तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च सुमारे १० हजार डॉलर होता. रामारावांच्या प्रयोगशाळेने त्याची पद्धत तयार केली, ती सिप्लाने घेतली आणि काही वर्षांत परदेशी किमतीच्या अंशावर औषध बाजारात ठेवलं. ते खपलं नाही. सरकारपाशी ते विकत घेऊन वाटायला पैसा नव्हता, रुग्णांपाशी तर नव्हताच. साठा फेकून द्यावा लागल्याचं हमीद यांनी पुढे सांगितलं आहे. शोधकतेच्या गोष्टी सांगताना हा भाग गाळला जातो, आणि मला तो गाळवत नाही. घेणारा कोणी नसेल तर उत्तम शोधही गोदामात कुजतो. विद्यापीठ, प्रयोगशाळा, कारखाना, कायदा हे सगळं जुळूनही आरोग्याच्या खात्यात तरतूद नसल्याने तो उंबऱ्यावर अडला.

दशक उलटल्यावर तेच ज्ञान कामी आलं. तीन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांची तीन औषधं, स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन, सिप्लाने एका गोळीत आणली. ज्या देशांत वस्तूवर पेटंट होतं तिथे अशी गोळी कुणा एकाला करता येत नव्हती. फेब्रुवारी २००१मध्ये हमीद यांनी ‘सीमांविना डॉक्टर’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये हे उपचार देऊ केले. तोवर त्याच उपचारांना १० ते १२ हजार डॉलर पडत होते. आफ्रिकेतल्या लाखो माणसांच्या जगण्यामरण्याचं गणित त्या एका किमतीने बदललं.

याची किंमतही आपण मोजली. हैदराबादशेजारच्या पटांचेरूत तळी आणि विहिरी औषधकारखान्यांच्या सांडपाण्याने नासल्या आणि गावकऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. डोंबिवली आणि तारापूरच्या रहिवाशांना आपल्या नाल्यांचा रंग आणि हवेचा वास वेगळा सांगायला नको. पद्धत स्वस्त करताना सांडपाण्याचा खर्च कारखान्याच्या भिंतीबाहेर टाकला गेला, हे स्वच्छ बोललं पाहिजे. दुसरी उणीव अशी की दुसऱ्याच्या रेणूकडे जायची नवी वाट काढण्यात आपण इतके तरबेज झालो, की आपला नवा रेणू शोधण्यासाठी लागणारी दहा-पंधरा वर्षांची चिकाटी आणि पैसा फारसा कोणी लावला नाही. अंजी रेड्डींनी तो प्रयत्न आपल्या कंपनीत केला, पण ते काम मुळात विद्यापीठांच्या जीवशास्त्र विभागांनी आणि रुग्णालयांनी मिळून करायचं होतं. माटुंग्याच्या तोडीचा दुवा तिथे तयार झालाच नव्हता.

जागतिक व्यापार करारानुसार १ जानेवारी २००५पासून वस्तूवरचं पेटंट परत आलं आणि १९७२ची मुभा संपली. माटुंग्याचा विभाग २००८मध्ये मुंबई विद्यापीठातून निघून रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने अभिमत विद्यापीठ झाला. २०१८मध्ये त्याने जालन्याला आपली शाखा उघडली. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम तिथे अशा रीतीने आखला आहे की विद्यार्थी काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात घालवतात. मराठवाड्यातल्या मुलांना त्यासाठी माटुंग्याला खोली शोधावी लागत नाही. शेंद्रा आणि वाळूजच्या औषधकंपन्या जालन्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. तिथले व्यवस्थापक आपले अडलेले प्रश्न घेऊन जालन्याच्या प्राध्यापकांकडे जाऊ लागतील का, आणि प्राध्यापक बूट-हेल्मेट चढवून त्यांच्या कारखान्यात उतरतील का, यावर त्या शाखेचं पुढचं सगळं अवलंबून आहे.